‘लालसरपणा नाही’: सावळ्या कातडीवरच्या बेडसोरचा एक प्रकरण अभ्यास

मी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांना ठेवून घेऊन त्यांची काळजी घेणाऱ्या संस्थेत, सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट आहे. आपल्याकडच्या दवाखान्यातल्या मावशी आणि सिस्टर यांच्या मधली ही पायरी समजा. अंघोळ घालायची, कपडे आणि डायपर बदलायचे, भरवायचं, कूस बदलायची, पलंगावरून खुर्चीत बसवायचं, बीपी आणि ताप पाहायचा. गोळ्या द्यायच्या नाहीत, निदान करायचं नाही, जखमेला नाव द्यायचं नाही. जे दिसेल ते नर्सला सांगायचं आणि कागदावर लिहायचं. १९८७ च्या केंद्रीय कायद्यानं सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होममधल्या प्रत्येक सहाय्यकाला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. न्यू जर्सीत हे प्रशिक्षण ९० तासांचं आहे.

त्या ९० तासांत मी कातडी तपासायला शिकले. हाडावरच्या जागा बघायच्या. लाल दिसली तर बोटानं दाबायची. बोट काढल्यावर क्षणभर पांढरी पडली तर ठीक, लालच राहिली तर दाबाची इजा, म्हणजे पडून राहिल्यानं होणारा बेडसोर, सुरू झाली आहे. मी हे पाठ केलं, परीक्षा पास झाले. पुढे तीन वर्षांनी एका मराठी आजींच्या बाबतीत हेच पाठांतर माझ्या आड आलं. ती सगळी हकीकत इथे क्रमानं मांडते. आजींची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

आजी

वय ८४. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, आता मुलाकडे राहणाऱ्या. वजन ४३ किलो, मधुमेह, वर्ण सावळा, स्मरणशक्ती थोडी विस्कळीत. घरात बाथरूमच्या दाराशी पाय घसरून पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. मुलगा-सून कामावर होते, त्यामुळे दोनेक तास तशाच फरशीवर होत्या. नंतर इमर्जन्सीतलं अरुंद स्ट्रेचर, ऑपरेशनचं टेबल, हॉस्पिटलचे पाच दिवस. सोमवारी संध्याकाळी त्या आमच्याकडे चालण्याच्या व्यायामासाठी आल्या.

आल्या दिवशी नर्सनं डोक्यापासून पायापर्यंत पाहून ‘त्वचा अखंड’ अशी नोंद केली. ब्रेडन मापनात १५ गुण दिले. सहा बाबी पाहून बेडसोरचा धोका ठरवायचं हे माप आहे. सहा ते तेवीस गुण असतात; जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आलं की सावध व्हायचं. आजींच्या खाण्याला ‘पुरेसं’ म्हणून तीन गुण दिले होते. पण त्यांना खाताना अजून कोणी पाहिलंच नव्हतं. फाइलवर भाषा लिहिली होती ‘हिंदी’. आजींना हिंदी येत नव्हती असं नाही, पण दुखत असताना माणूस हिंदी बोलत नाही.

मी मंगळवारी सकाळी खोलीत गेले आणि त्यांच्या कपाळावरचं गोंदण बघून मराठीत विचारलं, “आजी, झोप लागली का?” त्यांनी माझा हात धरला तो पाच मिनिटं सोडलाच नाही.

बुधवारी माझ्याकडून काय राहिलं

बुधवार हा त्यांचा अंघोळीचा दिवस. टाके ताजे होते म्हणून अंथरुणातच पुसून काढायचं ठरलं. अशा दिवशी आम्हाला एक कागद भरायचा असतो. त्यावर माणसाच्या शरीराची पुढून-मागून रेषाकृती असते आणि खाली चौकटी: लालसरपणा, खरचटणं, काळानिळा डाग, उघडी जखम.

मी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, पाठ पुसली, कंबर पुसली. माकडहाडाच्या जरा वर हात फिरवताना तिथली कातडी गरम लागली. टॉवेल गरम पाण्यातून पिळलेला आहे म्हणून असेल, असं मला वाटलं. रंग पाहिला. सावळ्या कातडीवर तिथे किंचित जास्त गडद, पण बसून-लोळून आपल्या सगळ्यांचीच ती जागा जरा काळपट असते. लाल काही नव्हतं. पायांशी आले. ऑपरेशन झालेला उजवा पाय उचलला की आजी कण्हायच्या, म्हणून पावलाचा वरचा भाग आणि बोटं पुसली, न घसरणारे मोजे परत चढवले. टाच उचलून मागून पाहिली नाही.

कागदावर खूण केली: लालसरपणा नाही.

त्या दिवशी दोघी जणी आल्या नव्हत्या. २०२१ पासून न्यू जर्सीत दिवसपाळीला आठ रेसिडेंटमागे, म्हणजे तिथे राहणाऱ्या आठ रुग्णांमागे, एक सीएनए असा कायदा आहे. माझ्याकडे अकरा होते. आठ तासांच्या पाळीतून अर्धा तास जेवणाचा काढला तर ४५० मिनिटं उरतात. आठ माणसं असली तर प्रत्येकाला ५६ मिनिटं, अकरा असली तर जेमतेम ४१. त्यातच अंघोळ, तीनदा डायपर, दोन जेवणं, आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, तेही दोघींनी मिळून. हे मी सबब म्हणून सांगत नाही. टाच बघायला दहा सेकंद लागतात. पण गर्दीत पहिलं काय सुटतं, तर जे रुग्णाला दुखवून बघावं लागतं ते.

“निखारा ठेवल्यासारखं”

गुरुवारी सकाळी डायपर बदलताना आजी म्हणाल्या, “पोरी, माकडहाडापाशी धग लागतेय गं. निखारा ठेवल्यासारखं.”

मी पुन्हा पाहिलं. लाल नाही. दाबून पाहिलं, पण जी जागा मुळात लाल दिसत नाही ती पांढरी पडली की नाही हे कसं कळणार? मी गोंधळून तशीच उभी होते. कूस बदलायला मदतीला आलेली माझी सहकारी हैतीची आहे. वीस वर्षांहून जास्त काळ हेच काम करते. तिनं एकदा आजींकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, “आपल्या कातडीवर तू लाल काय शोधतेस? हात लाव.”

तिनं ग्लोव्ह बदलले, हाताची मागची बाजू आधी आजींच्या कुल्ह्यावर ठेवली, मग माकडहाडाच्या वर, मग परत कुल्ह्यावर. मला तसंच करायला लावलं. फरक स्पष्ट होता. आज टॉवेल नव्हता, पाणी नव्हतं, तरी ती जागा आजूबाजूपेक्षा गरम होती. मग तिनं दोन बोटांनी हलकेच चाचपायला सांगितलं. बाजूची कातडी मऊ, सैल, वयाची. आणि मधला रुपयाएवढा भाग कच्च्या पेरूसारखा टणक. खिडकीचा पडदा सारून उजेडात पाहिल्यावर रंगही दिसला, आजूबाजूपेक्षा स्पष्ट गडद छटा.

दाबाच्या इजेची पहिली पायरी म्हणजे कातडी न फाटता दाबल्यावर न जाणारी लाली, असं पुस्तकात असतं. त्याच व्याख्येत पुढे हेही असतं की गडद कातडीवर हे वेगळं दिसू शकतं, आणि गरमपणा, टणकपणा, दुखणं या खुणा रंग बदलायच्याही आधी येऊ शकतात. मी पहिली ओळ पाठ केली होती. दुसरी ओळ माझ्या स्वतःच्या कातडीबद्दल होती आणि ती मी वाचून पुढे गेले होते.

सांगितलं, पण पोचलं नाही

मी चार्ज नर्सला, म्हणजे त्या पाळीच्या प्रमुख नर्सला, सांगितलं. ती औषधांच्या गाडीशी होती, अठ्ठावीस जणांच्या गोळ्या द्यायच्या होत्या. तरी ती आली. वाकून पाहिलं, म्हणाली, “लाल तर नाहीये. बॅरिअर क्रीम (कातडीला ओलीपासून जपणारं मलम) लाव आणि लक्ष ठेव.” तिनं टाळाटाळ केली असं मी म्हणणार नाही. आदल्या दिवशी मी जे केलं तेच तिनं केलं. फाइलमध्ये माझाच कागद सांगत होता की काही नाही.

आमच्याकडे ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचा एका पानाचा फॉर्म आहे. रेसिडेंटमध्ये काहीही बदल दिसला तर सीएनए, स्वयंपाकघरातला माणूस, नातेवाईक, कोणीही तो भरू शकतो. बोलणं कमी झालंय, खाणं कमी झालंय, पाणी कमी पितायत, दुखणं नवीन आहे, कातडीचा रंग किंवा पोत बदललाय, अशा साध्या बाबी त्यात असतात. भरलेला फॉर्म नर्सनं घेऊन काय केलं ते लिहायचं असतं. तोंडी सांगितलेलं पाळीबरोबर विरून जातं, फॉर्म विरत नाही.

मी चार बाबींवर गोल केला. खाली लिहिलं: “माकडहाडाच्या वर रुपयाएवढी जागा, बाजूच्या कातडीपेक्षा गरम आणि टणक, रंग गडद, रुग्ण स्वतःहून जळजळ सांगते. नाश्ता दोन दिवस पाव भागापेक्षा कमी.” ‘स्टेज वन’, म्हणजे इजेची पहिली पायरी, असं लिहिलं नाही. ते ठरवणं नर्सचं काम, आणि एकदा सीएनएनं स्टेज लिहिली की चर्चा जखमेवरून लिहिणाऱ्याच्या अधिकारावर जाते. बुधवारचा माझा कागद चुकीचा होता हेही चार्ज नर्सला सांगितलं. तिनं फॉर्म घेतला, सही केली, आणि जखमांच्या नर्सला शुक्रवारी सकाळी यायला सांगितलं.

एका संध्याकाळी दिसलेली कारणं

त्या दिवशी माणसं कमी होती म्हणून मी सलग दोन पाळ्या केल्या. त्यामुळे दिवसपाळीला कधी न दिसणारं बरंच काही दिसलं.

कूस बदलण्याच्या तक्त्यावर संध्याकाळ आणि रात्रपाळीत जागोजाग लिहिलं होतं: ‘रुग्णाचा नकार’. संध्याकाळी एक तरुण सीएनए खोलीत आला, अतिशय सभ्य मुलगा, त्यानं हातानं खूण करून विचारलं. आजी म्हणाल्या, “नको, राहू दे.” तो मान हलवून गेला आणि नकार लिहिला. मी आजींना विचारलं, “का हो नको?” त्या म्हणाल्या, “अगं, परका मुलगा. आणि किती धावपळ त्या लेकराची, त्याला कशाला त्रास.” एक लाज आणि एक भीड. आपल्या ‘नको’मध्ये या दोन्ही असतात, समोरच्यानं पुन्हा विचारावं ही अपेक्षाही असते. इंग्रजीत त्याचं ‘रिफ्यूज्ड’ झालं की दार बंद होतं.

नऊ वाजता मुलगा-सून होते आणि साताऱ्याला व्हिडिओ कॉल लागला. इथले रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तिथली सकाळची साडेसहा, त्यामुळे सगळं घर चहाला जमलेलं. नातवंडं नीट दिसावीत म्हणून मुलानं पलंगाचं डोकं जवळजवळ सरळ उभं केलं. अर्ध्या तासात आजी इंचाइंचानं खाली घसरल्या. कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड खाली सरकतं, आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. नुसत्या दाबापेक्षा ही घसरण जास्त वाईट. मग दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, म्हणजे तीच कातडी उलट्या दिशेनं घासली.

अंगाखाली पाहिलं तर गादीवर चादर, तिच्यावर शोषून घेणारा पॅड, त्यावर घरून आणलेली जुनी गोधडी चौपदरी करून, आणि तिच्यावर रबराची रिंग. गोधडी आजींनीच शिवलेली होती. रिंग वहिनींनी, म्हणजे आजींच्या सुनेनं, आणली होती, माकडहाड दुखतं म्हणतात म्हणून. आपल्याकडे घरोघरी हीच समजूत आहे. पण रिंगमध्ये मधली जागा मोकळी राहते आणि कडेचा दाब गोलाकार पडतो. मधल्या भागाकडे येणारं रक्त कमी होतं आणि जागा सुजते. वहिनी रोज झोपताना तिथे खोबरेल तेल लावून जोरात चोळतही होत्या. जी जागा आतून दुखावलेली आहे ती चोळली की नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या आणखी फाटतात. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, “वहिनी, मी तीन वर्षं हे काम करते आणि मला काल दिसलं नाही. तुम्ही तर प्रेमानं करत होता.”

जेवणाचं तर सरळच होतं. आजी शाकाहारी. ताटात सकाळी अंडं, दुपारी टर्की, बाजूला थंड दूध आणि बर्फाचं पाणी. त्या टोस्टचा कडेचा भाग चहात बुडवून खायच्या आणि बाकी तसंच परत. बर्फाच्या पाण्यानं घसा धरतो म्हणून पाणी जवळजवळ बंद. कातडी प्रथिनांवर आणि पाण्यावर टिकते.

शुक्रवार

जखमांची नर्स आली. तिनं टॉर्च मागितला, जागा ओल्या कपड्यानं किंचित ओलसर केली म्हणजे रंगातला फरक उठून दिसतो, शेजारच्या कातडीशी तुलना केली, आणि माकडहाडावरची इजा पहिल्या पायरीची असल्याचं नोंदवलं. मग तिनं मोजे काढले. मी सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून काढले. उजवी टाच हातात घेऊन अंगठ्यानं हलकेच दाबली आणि मला बोलावलं.

टाचेच्या मागे बाहेरच्या बाजूला गडद, जवळजवळ जांभळाच्या रंगाचा डाग. इथे टणक नव्हतं, उलट पिकल्या चिकूसारखं बिलबिलीत. आतल्या थरांची इजा. कातडी वर शाबूत असते आणि नुकसान खाली हाडाजवळ झालेलं असतं.

अशी इजा दाब पडल्यानंतर साधारण ४८ ते ७२ तासांनी वर दिसू लागते. म्हणून लगेच प्रश्न उभा राहिला, ही हॉस्पिटलातून आली की आमच्याकडे झाली? दोन्ही संस्थांसाठी हा प्रश्न साधा नसतो, त्याच्याशी पैसे आणि तपासण्या जोडलेल्या असतात. बुधवारी सकाळी डाग असता तर दाब सोमवारच्या आतला, म्हणजे बहुतेक हॉस्पिटलातला. नसता तर आमचा. मी बुधवारी ती टाच उचलून पाहिली असती तर उत्तर मिळालं असतं. विचारणा झाली तेव्हा मी तसंच सांगितलं, की मी टाच पाहिली नव्हती. तो वेळ मला जड गेला, आणि त्याबद्दल मला कोणी रागावलं नाही हे त्याहून जड गेलं.

काय बदललं

ब्रेडनमध्ये खाण्याचे तीनाचे दोन झाले, एकूण १४. एका गुणानं धोका ‘सौम्य’मधून ‘मध्यम’मध्ये गेला. गादी बदलून दाब वाटून देणारी फोमची गादी आली. पलंगाचं डोकं जेवणाखेरीज ३० अंशांच्या वर न्यायचं नाही असं ठरलं. व्हिडिओ कॉलसाठी मुलानं पलंगाला फोन धरणारा स्टँड लावला, आणि आजी कुशीवर झोपून सातारा बघू लागल्या. वर सरकवताना काखेत हात घालायचा नाही, दोघांनी अंगाखालची चादर धरून उचलायचं.

टाचेसाठी पोटरीखाली लांबट उशी, म्हणजे टाच हवेत तरंगते. साधा कागद टाच आणि गादीच्या मधून सरकला पाहिजे, ही आमची खूण.

सगळ्यात अडलं ते कूस बदलण्याचं. ऑपरेशनच्या बाजूवर वळवायचं नाही असा आदेश असल्यानं आजी डाव्या कुशीवर आणि पाठीवर, एवढ्याच दोन स्थितींत होत्या. म्हणजे दिवसातला अर्धा वेळ पुन्हा माकडहाडावरच. दोन-दोन तासांचा तक्ता कितीही नेमानं भरला तरी हे गणित सुटत नव्हतं. व्यायाम देणाऱ्या थेरपिस्टनं सर्जनच्या ऑफिसला फोन करून नेमकं विचारलं. उत्तर आलं की पाठीमागे तिरकी उशी लावून उजवीकडे थोडंसं कलतं ठेवायला हरकत नाही, पूर्ण कुशीवर नको. तिसरी स्थिती मिळाली आणि पाठीवरचा वेळ अर्ध्यावरून एक तृतीयांशावर आला.

गोधडी अंगाखालून निघाली ती अंगावर आली. काढून टाका असं कोणीही म्हणालं असतं, पण ती नसली की आजी रात्री चाचपत राहायच्या. रिंग घरी गेली. घरून मुगाचं वरण, दही, पनीर यायला लागलं, आहारतज्ज्ञांनी साखरेचा हिशेब घालून दिला. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवलं.

मी रोमन अक्षरांत एक कार्ड लिहून भिंतीवर लावलं: ‘कूस बदलूया का, आजी?’, ‘दुखतंय? कुठे?’, ‘कोमट पाणी’. सगळ्यात खाली लिहिलं की ‘नको’ म्हणाल्या तर पंधरा मिनिटांनी परत विचारा, शक्यतो बाईमाणसानं. फाइलवरची भाषा ‘मराठी’ झाली. हैतीच्या माझ्या सहकारीच्या तोंडचं “कूस बदलूया का, आजी?” ऐकून आजी इतक्या खूश व्हायच्या की आपणहून वळायचा प्रयत्न करायच्या.

पुढे

माकडहाडावरची धग सहा दिवसांनी गेली. टणकपणा जायला जवळजवळ दोन आठवडे लागले. गडद डाग मात्र राहिला, आणि तो बरा झालेल्या जागेचा आहे हे पुन्हा हातानंच ठरवावं लागलं.

टाच तशी सहज सुटली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिथे काळसर पाण्याचा फोड आला, मग तो सुकून घट्ट काळी खपली धरली. कोरडी, न हलणारी खपली टाचेवर असेल तर ती काढत नाहीत, खाली भरून येईपर्यंत जपतात. आजी सव्विसाव्या दिवशी वॉकर धरून घरी गेल्या तेव्हाही खपली होती, आणि तिच्यासाठी घरी नर्सच्या फेऱ्या ठरवून दिल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी मी वहिनींचा हात घेऊन आधी आजींच्या कुल्ह्यावर ठेवला, मग माकडहाडावर, मग दोन्ही टाचांवर. त्यांनी तसं रोज अंघोळीनंतर करायचं कबूल केलं.

आमच्या अंघोळीच्या कागदावरच्या चौकटी अजून त्याच आहेत. बदलायला हव्यात असं मी दोन सभांमध्ये बोलले आहे, आणि छापील फॉर्म वरून येतो असं उत्तर मिळालं आहे. तोवर मी ‘लालसरपणा’च्या चौकटीशेजारी समासात पेननं तीन शब्द लिहिते, गरम, टणक, गडद, आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही. टाचांसाठी वेगळी ओळ आखते. आता माझ्या पाळीतल्या आणखी दोघी जणी तसंच लिहितात.